आज लवकर संपलं

१

"कोणीतरी माझ्या मेलेल्या आईला जिवंत केलंय."

सोमवारी सकाळी माझ्याकडे अशी तक्रार आली. खाली आणखी एकच वाक्य होतं: शनिवारपर्यंत त्या माणसाला हाकला, नाहीतर मी सगळी कथा पुसून टाकतो आणि पुन्हा कधी लिहीत नाही.

तक्रार करणाऱ्याने 'तळमजला' हे नाव घेतलं होतं. आमच्या संकेतस्थळावर सगळेच असे टोपणनावाने वावरतात. कवडसा नावाच्या महानायकाची चित्रमासिकं पूर्वी निघत असत. उन्हाच्या तिरिपेवर बसून तो कुठेही पोचायचा, आणि ऊन उतरलं की तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस व्हायचा. मासिक बंद पडलं, पण चाहत्यांच्या ते पचनी पडलं नाही. ते अजूनही हौसेने त्याच्या नव्या कथा लिहितात, वाचणारे खाली अभिप्राय देतात, आणि अभिप्रायावरून वाजलं की ते माझ्याकडे येतात. मला सगळे मावशी म्हणतात. घरात मी एकटीच असते. सकाळची प्रार्थना होईपर्यंत बोलायचं नाही आणि दिवसभरात कडू शब्द तोंडातून काढायचा नाही, असा माझा नेम आहे. या कामात तो फार उपयोगी पडतो, नाहीतर एकेकाला काय काय ऐकवलं असतं कोण जाणे.

मी तळमजल्याची कथा पहिल्यापासून वाचली. तो कवडशाच्या मारामाऱ्या झोकात लिहायचा, पण कथेचा जीव कवडशाच्या आईत होता. मुलगा उन्हाबरोबर परत येईल म्हणून ती खिडकी कधी लावून घेत नसे. बाराव्या प्रकरणात कवडसा एका मनोऱ्यात अडकलेल्या परक्या माणसांना सोडवत बसतो. घरी येतो तेव्हा ऊन उतरलेलं असतं, खिडकी बंद असते आणि आई गेलेली असते. वाचून मी डोळे पुसले.

त्याच्याखाली 'पारवा' नावाच्या वाचकाचा अभिप्राय होता.

"आई खिडकीपाशी बसून राहिली हे फार बरं केलंत. तिला कधी काही होऊ देऊ नका. आज लवकर संपलं."

२

तळमजला लिफ्ट दुरुस्त करायचा. मी त्याला भेटले ती एका कचेरीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत. उंच, वाकलेला माणूस. माझ्यासाठी त्याने पत्र्याचा डबा उपडा घातला आणि वर आपला रुमाल अंथरला. बोलताना त्याचं अर्धं लक्ष मोटारीच्या आवाजाकडे असायचं.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. वर्षापूर्वी त्याची आई आजारी होती. ती थोरल्या मुलाकडे राहायची, हा वेगळ्या खोलीत. त्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली, आत माणसं होती. त्यांना काढण्यात दुपार गेली. घरी पोचला तेव्हा आई गेलेली होती. त्याला कोणी फोनसुद्धा केला नव्हता. दारातच थोरल्या भावाशी जे व्हायचं ते झालं आणि तेव्हापासून तो त्या घरी गेला नाही. मग गोष्टीत तो आईला थोडी थोडी जगवत राहिला. शेवटी तिला जाऊ देणं भाग होतं, म्हणून बारावं प्रकरण लिहिलं.

"आणि हा माणूस त्यावर थुंकला," तो म्हणाला.

पारवा पहिल्यापासून टोमणे मारतोय, असं त्याचं म्हणणं होतं. सातवं प्रकरण सगळ्यांत लांब होतं. त्यात काळोखे हा खलनायक कवडशाशी लढतो, त्याचा हात तुटतो आणि तो समुद्रात पडतो. त्यावर पारव्याने लिहिलं होतं, "काळोखे शहाणा होऊन घरी गेला, छान झालं. आज लवकर संपलं." चौथ्या प्रकरणात कवडसा उडताना गुणगुणतो, एवढंच लिहिलेलं होतं. पारवा म्हणाला होता, "ती चाल वर चढते आणि मग सावकाश खाली येते, तिथे जीव शांत होतो."

"ती चाल माझ्या आईची होती, मावशी," तळमजला म्हणाला. "मी ती कुठेच लिहिलेली नाही. ती अशीच वर चढून खाली येते. आई सोडली तर जगात ती दादा आणि मी, दोघंच गुणगुणतो."

मी विचारलं, मग तुमचा संशय दादावरच का नाही?

"आहेच. पण आणखी दोघं आहेत. त्यांच्यासमोर मी कधीतरी गुणगुणलो असेन."

३

दोघांपैकी पहिला 'वादळ'. हासुद्धा कवडशाच्याच कथा लिहायचा, आणि दुसऱ्यांच्या कथांखाली त्याचे अभिप्राय म्हणजे तोंडात मिरची धरल्यासारखे. औषधांच्या दुकानात उभा असलेला हा माणूस प्रत्यक्षात इतका गरीब निघाला, की माझ्या खोकल्याची त्याने आपणहून चौकशी केली. तळमजला आणि तो एकदा वाचकांच्या मेळाव्यात भेटले होते. मी पारव्याचे अभिप्राय त्याच्यापुढे धरले. त्याने ते गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचावी तसे भिंगातून वाचले.

तो म्हणाला, मला कोणाला टोचायचं असलं तर मी आधी त्याचं लिखाण दोनदा वाचतो. बोट नेमकं दुखऱ्या जागी पडायला हवं ना. हा माणूस टोचत नाहीये.

"मग काय करतोय?"

"मावशी, याने ही कथा वाचलेलीच नाही. नाहीतर दुसरीच कुठली तरी वाचलीये."

दुसरी होती चित्रकार. दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती आणि फावल्या वेळात तळमजल्याच्या प्रकरणांना चित्रं काढून द्यायची. पुढे तिचं लग्न ठरलं, चित्रं थांबली. तळमजल्याला ते लागलं असावं. त्याने तिच्याबद्दल बोलताना मोटारीवर उगाच फडकं फिरवलं होतं. ती मोकळेपणाने बोलली. तिची तक्रार उलटीच होती. पारव्याने प्रत्येक प्रकरणाचं कौतुक केलं, पण तिच्या चित्राबद्दल कधी अवाक्षर नाही. एकदा तिने गडबडीत कवडशाचा मुखवटा उलटा काढला. वाचकांनी तिला सळो की पळो करून सोडलं. त्या दिवशीही पारव्याने फक्त आईची चौकशी केली.

ती म्हणाली, "जणू माझी चित्रं त्याच्या पानावर नव्हतीच."

मी स्वतःही पारव्याला खासगी निरोप पाठवला होता की आपल्याशी बोलायचं आहे. तो न उघडता तसाच पडून होता. दर शनिवारी नवं प्रकरण आलं की न चुकता अभिप्राय देणारा माणूस स्वतःला आलेला निरोप उघडूनही पाहत नाही, हे मला विचित्र वाटलं.

आता थोरला भाऊ उरला. तळमजल्याने पत्ता दिला, पण सोबत यायला काही केल्या तयार झाला नाही.

४

दादा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. मी कोण आणि कशाला आले ते ऐकून तो हसला, पण मनापासून नाही.

"मला गोष्टी वाचायला वेळ कुठाय? दिवसभर लोकांच्या चुकांवर ब्रेक मारायचा. घरी आल्यावर याच्या चुका वाचत बसू?"

दिवेलागणीची वेळ होती. बाहेरच्या खोलीत दिवा होता. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत कोणीतरी अंधारात बसलं होतं. खुर्चीचा पाय जमिनीला लागल्याचा आवाज आला तेव्हा ते मला कळलं. बाबा आहेत, असं दादाची बायको हळूच म्हणाली. तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे आवाज न करता ठेवला. खिडकीच्या कठड्यावर पारवे घुमत होते. घुमेनात का, खिडक्या सगळीकडे असतात आणि पारवेही, असं मी मनाला समजावलं.

दादाच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. आई जाताना धाकटा आला नाही. मी म्हटलं, त्याला फोन गेलाच नाही असं तो सांगतो.

"गेला नाही कसा? बाबा तिच्या उशाशी होते. त्यांच्या फोनला नुसतं नाव सांगितलं तरी लागतो. याने उचलला नसणार."

"तुम्ही बाबांना विचारलंत?"

तो म्हणाला, त्या दिवसाबद्दल या घरात कोणी बोलत नाही.

त्याची बायको म्हणाली, "त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं विश्रांतीला गेलंय."

"भांडण झालं म्हण की सरळ." दादा माझ्याकडे वळला. "हिच्या तोंडून भांडण हा शब्दसुद्धा निघत नाही. आईच्या आजारपणापासून असंच चाललंय. दुकानात जाऊन डास मारायची वडी मागायची, तर ही सांगते, डासांना बाहेर पाठवायची वडी द्या. दुकानदार म्हणतो, ताई, तिकीट काढून देऊ का त्यांना?"

ती हसली, पण मान खाली घालून. मला ते हसणं ओळखीचं वाटलं. लोक नेमाची थट्टा करतात तेव्हा मीही अशीच हसते.

मी निघाले. जिना उतरून रस्त्यावर आले आणि वरच्या खिडकीतून गुणगुणणं ऐकू आलं. चाल वर चढली आणि मग सावकाश खाली आली.

आवाज बाईचा होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी, दादा कामावर असताना, मी पुन्हा गेले. दार तिनेच उघडलं. आतली खोली तशीच अंधारी. मी विचारलं, बाबांना दिसत नाही ना?

तिने होकारार्थी मान हलवली. दोन वर्षं झाली म्हणाली.

मग मी तिला माझ्या मनात जे जुळलं होतं ते सांगितलं. पारवा चित्रांबद्दल बोलत नाही, कारण त्याला चित्रं दिसत नाहीत. निरोप उघडत नाही, कारण तो फक्त फोनला सांगतो आणि फोन लिहून घेतो. निरोप येतो हे त्याला ठाऊकच नाही. चाल त्याला कळली, कारण कोणीतरी ती गुणगुणून ऐकवली. म्हणजे तो कथा वाचत नाही, ऐकतो. आणि सगळ्यांत लांब प्रकरण त्याला लवकर संपल्यासारखं वाटलं, कारण त्यातली सगळी मारामारी वाचणाऱ्याने गाळली होती. हात तुटला नाही, कोणी समुद्रात पडलं नाही, काळोखे शहाणा होऊन घरी गेला. जसे तुमचे डास बाहेर जातात.

ती भिंतीला टेकली.

तिने सांगितलं, भाऊजींनी गोष्ट लिहायला घेतली तेव्हा फक्त तिला कळवलं होतं. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांचा दिवस जात नसे म्हणून ती वाचून दाखवू लागली. कोणी लिहिलीय ते तिने सांगितलं नाही. गुणगुणायची जागा आली तेव्हा सासूबाईंची चाल आपसूक ओठांवर आली. त्यांच्या शेजारी बसून तिने ती रोज ऐकली होती. वाचून झालं की ती बाबांचा फोन अभिप्रायाच्या पानावर उघडून त्यांच्या हातात द्यायची आणि खोलीबाहेर जायची.

"बाहेर का?"

"त्यांचं बोलणं त्यांचं. आपण ऐकू नये, वाचूही नये."

म्हणून बाबा काय सांगतात ते तिला कधीच कळलं नव्हतं. मी बारावा अभिप्राय वाचून दाखवला.

"सासूबाई आजारी पडल्या तेव्हा नेम धरला," ती म्हणाली. "अशुभ शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, म्हणजे त्या राहतील. त्या राहिल्या नाहीत. पण नेम सोडला की त्या खरंच गेल्या असं होईल, म्हणून सोडवत नाही. बाराव्या प्रकरणात तो शब्द आला आणि माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, तो घरी आला, आई खिडकीपाशी बसली होती. मावशी, मी बाबांना फसवलं का हो?"

तिला द्यायला माझ्याकडे कडू शब्द नव्हता, आणि गोडही सापडेना. मी तिचा हात धरून बसले.

तेवढ्यात आतून आवाज आला. "सूनबाई, कोण आलंय? कवडशाच्या ओळखीचं आहे का कोणी?"

६

मी त्या संध्याकाळी तळमजल्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, बाबांना ठाऊक आहे का, कोण लिहितं ते? मी म्हटलं, मला माहीत नाही. "शनिवारी या आणि स्वतः वाचा. तुमच्या वहिनीला तो शब्द उचलवत नाही. तुमचा तुम्ही उचला."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. शनिवारी दुपारी तो त्या जिन्याच्या पायथ्याशी उभा होता, हाताचं वंगण नीट निघालेलं नव्हतं. मला म्हणाला, लिफ्ट नाही इथे. मी म्हटलं, चढा.

दार दादाने उघडलं. कोणी काही बोलायच्या आत वहिनी मधे येऊन म्हणाली, बाबा वाट बघतायत. आतल्या खोलीत खिडकी सताड उघडी होती आणि म्हातारा उन्हाच्या पट्ट्यात तोंड करून बसला होता. तळमजला समोर बसला आणि काही न बोलता बारावं प्रकरण वाचू लागला. पहिल्या ओळीलाच म्हाताऱ्याचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

मनोरा आला, अडकलेली माणसं आली, ऊन उतरलं. वहिनीने तोंडाला पदर लावला. तो शब्द आला, आणि त्याने तो वाचला. बंद खिडकीही वाचली. मग खोलीत फक्त पारव्यांचा आवाज राहिला.

"म्हणजे तू तिला ठेवली नव्हतीस," बाबा म्हणाले.

"नाही."

"मला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक आहे तू लिहितोस ते. खिडकी उघडी ठेवणारी आई दुसऱ्या कोणाला कुठून सुचणार? तिला तू जिवंत ठेवलंस असं वाटलं. म्हटलं, पोराच्या मनात काही राहिलं नाही. म्हणून बोललो नाही."

"काय बोलला नाहीत?"

"मी तुला फोन लावत होतो. तिने माझा हात धरला. म्हणाली, त्याला बोलावू नका, तिकडे कोणीतरी अडकलंय. येईल तो. खिडकी उघडी राहू द्या."

दादा दाराच्या चौकटीत उभा होता. मला वाटतं, वर्षभर ज्या पायाने तो ब्रेक दाबून होता तो पाय कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो आत आला आणि धाकट्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

"मग खिडकी लावली कोणी?" तळमजल्याने विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "गार वारा लागत होता रे तिला."

मी हळूच चप्पल घातली आणि निघाले. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि तेच बरं होतं.

घरी आले तेव्हा माझ्या खोलीत सकाळी ठेवल्यासारखंच सगळं होतं. एक कप, एक खुर्ची. मी संगणक उघडला. तळमजल्याने तक्रार मागे घेतली होती. कथा जागेवर होती. बाराव्या प्रकरणाखाली पारव्याचा नवा अभिप्राय आला होता.

घरात ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. तरी मी तो मोठ्याने वाचला, एकही शब्द न गाळता.

"तिचं मरण ऐकलं. मुलगा आला. आज लवकर संपलं नाही."